माळ्याकडे ओरडण्याआधी: चपलांच्या दुकानात दोघांनी कसं वागावं

म्हापशाच्या बाजारात एका चपलांच्या दुकानात मी २२ वर्षं उभी आहे. उभी म्हणजे खरंच उभी. सकाळी नऊला शटर वर, दुपारी दीडला अर्धं खाली, साडेतीनला पुन्हा वर, रात्री आठला बंद. खाली आम्ही पाच जणी, माळ्यावर एक पोरगा, गल्ल्यावर शेट आणि अगदी गेल्या चतुर्थीपर्यंत सगळ्यांत मिळून एकच स्टूल. स्टुलाचं पुढे येईलच.

हे लिहायला कारण झाली माझी भाची. मे महिन्यात ती पणजीला अठरा जून रस्त्यावर एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली आणि आठव्या दिवशी रडत घरी आली. एका बाईने तिला चुटकी वाजवून बोलावलं. हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाईने आवाज चढवला, हिने तोंड फिरवलं, आणि शेवटी मालकाने सगळ्यांदेखत हिलाच झापलं. "मावशी, माझं काय चुकलं?" चुकलं दोघींचं होतं, थोडं मालकाचंही. त्या रात्री फोनवर तिला जे जे सांगितलं ते इथे उतरवते आहे. निम्मं दुकानात काम करणाऱ्यांसाठी, निम्मं गिऱ्हाइकांसाठी. कारण रविवारी मीही गिऱ्हाईकच असते, आणि तेव्हा माझंही डोकं लवकर फिरतं.

इतक्या वर्षांत दुकानात जेवढी भांडणं पाहिली, त्यांतली चपलेवरून झालेली मोजकीच. बाकी सगळी झाली ती कोणीतरी वेळेवर एक वाक्य बोललं नाही म्हणून. माल परत घेतो की नाही. पिशवीचे पैसे पडतात. दहा मिनिटं थांबावं लागेल. मी आज नुसती बघायला आलेय. एवढीशी वाक्यं, पण ती आधी बोलली तर माहिती असते आणि नंतर बोलली तर भांडण.

दारातून आत

गिऱ्हाईक उंबरा ओलांडतं तेव्हा हातातलं काम न सोडता एकदा त्याच्याकडे बघायचं आणि "या" म्हणायचं. तेवढं पुरे. "काय हवंय, कुठला नंबर, लेडीज की जेंट्स" अशी सरबत्ती सुरू केली की माणूस बिचकतो आणि "असंच बघतोय" म्हणून सुटका करून घेतो. त्यानंतर त्याच्या मागे दीड हातावरून सावलीसारखं फिरणं तर त्याहून वाईट. त्याला वाटतं, मला चोर समजतात. (कधीकधी समजतोही. पण मग नजर लांबून ठेवावी.)

शुक्रवारची गोष्ट वेगळी. शुक्रवारच्या बाजाराला पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं म्हापशात उतरतात. मयड्याची केळी, चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), मडकी, सुकी मासळी घेऊन झाली की चार पिशव्या सांभाळत आमच्याकडे शिरतात, आणि डोकं अर्धं परतीच्या बसकडे असतं. एका वेळी माझ्यासमोर चार जणी. तिसरीला आणि चौथीला काही दाखवणं शक्य नसतं, पण सांगणं शक्य असतं: "यांचे दोन जोड झाले की तुमच्याकडे येते, पाचेक मिनिटं." असं सांगितलेली बाई दहा मिनिटं थांबते. न सांगितलेली दोन मिनिटांत फणफणत शेजारच्या दुकानात जाते. आणि पाच मिनिटं म्हटलंत तर पाचव्या मिनिटाला निदान मान वर करून "आलेच हं" म्हणा.

गिऱ्हाइकांना माझी विनंती चुटकीबद्दल आहे. चुटकी, "ए", "हॅलो", आणि कानाला फोन लावून बोटाने चप्पल दाखवणं. फोनवर बोलणाऱ्या माणसाला मी काहीच दाखवत नाही. समोर हात बांधून उभी राहते आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघते. अर्ध्या मिनिटात बहुतेकांना कळतं. एकदा एका गृहस्थांना अकरा मिनिटं कळलं नव्हतं.

मग हाक कशी मारायची? गोव्यात "बाय" म्हटलं की लहानथोर कुठल्याही बाईला चालतं, मुलाला "भाऊ" किंवा "बाबा". आमच्या माळ्यावरच्या पोराला कोणी "ए भैया" म्हटलं की तो मुद्दाम सगळ्यात सावकाश खोकं शोधतो. उलट बाजूने आम्हीही चुकतो. नवीन लागलेल्या एका मुलीने पन्नाशीच्या बाईला "आजी, बसा" म्हटलं. बाईंनी घातलेली सँडल तिथेच काढली आणि चालू पडल्या. तेव्हापासून डोकं पूर्ण पांढरं दिसलं तरी आमच्याकडे "ताई", आणि ख्रिस्ती बायकांना "आंटी". त्यांना ते खटकत नाही, का ते देव जाणे.

भाषेचंही सांगून टाकते. पुण्यामुंबईची मंडळी आमच्याशी हिंदीत सुरुवात करतात. आम्ही आपसांत कोंकणीत बोलत असतो, त्यामुळे त्यांना वाटतं की यांना मराठी कळत नसणार. मग नवराबायको आमच्यासमोरच मराठीत मसलत करतात: "बाराशे सांगतेय, आठशेला देईल बघ, तू निघाल्यासारखं कर." अहो, आमच्या घरी रोज मराठी पेपर येतो! अशा वेळी मी हसून मराठीतच विचारते, "निघताय की दुसरा रंग दाखवू?" आणि भाचीला सांगितलं ते इथेही लिहिते: गिऱ्हाइकाबद्दल दुसऱ्या भाषेत शेरा मारू नये. गोव्यात कोणाला कुठली भाषा समजेल याचा नेम नाही.

माळा

चपलांच्या जुन्या दुकानांना माळा असतो. खाली प्रत्येक डिझाइनचा एकच पाय मांडून ठेवलेला आणि खोकी सगळी वर. खालची बाई ओरडते, "सात नंबर, काळा, लेसचा!" आणि वरच्या चौकोनी भोकातून खोकं खाली येतं, ते आपण झेलायचं. लहान मुलांना हे फार आवडतं. मलाही आवडायचं.

सातआठ वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एक काका आले. दुकान गच्च भरलेलं. त्यांचा उजवा पाय लहानपणी पोलिओ झाल्यामुळे बारीक राहिलेला. मी खाली बसून माप घेतलं: डाव्याला आठ, उजव्याला सहा. त्यांनी वाकून, माझ्याच कानावर पडेल एवढ्या आवाजात विचारलं, "एक आठचा आणि एक सहाचा, असं मिळतं का गो?" आणि मी मान वर करून नेहमीच्या आवाजात ओरडले, "अरे, डावा आठ आणि उजवा सहा, असा जोड करून मिळतो काय रे?"

वीसेक माणसं असतील. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. माळ्यावरून पोराचं हसू ऐकू आलं, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. काकांनी आपल्या जुन्या चपला ओढल्या, "राहू दे, बाय" म्हणाले आणि गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या चतुर्थीनंतर आमच्याकडे टोपली आली. भोकातून सुतळीला बांधलेली एक टोपली खाली लोंबत असते. डिझाइन, रंग, नंबर चिठ्ठीवर लिहायचा, टोपलीत टाकायचा, सुतळी ओढायची. शुक्रवारी गर्दीत अजूनही ओरडणं होतं, नाही असं नाही. पण माणसाच्या शरीराबद्दलची आणि खिशाबद्दलची गोष्ट ओरडायची नाही, हे पक्कं. "यांच्या बजेटमधलं टाक रे" हेसुद्धा नाही. आणि पाय रुंद असेल तर "तुमचा पाय रुंद आहे" म्हणू नये, "या जोडाचा चवडा अरुंद आहे" म्हणावं. दोष चपलेला दिला तर ती मनाला लावून घेत नाही.

त्या काकांना खरं तर काय सांगायला हवं होतं, तेही लिहून ठेवते. दोन पाय तंतोतंत सारखे कोणाचेच नसतात. अर्ध्याएक नंबराचा फरक असेल तर मोठ्या पायाच्या मापाने जोड घ्यायचा आणि लहान पायाच्या चपलेत आतून जादा तळ घालायचा. पण आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. दोन नंबर म्हणजे सतरा. तेवढं तळाने भरून येत नाही, आणि दुकानदार जोड फोडून देऊ शकत नाही, कारण उरलेला जोड कोणाला विकणार? दोन्ही पट्टे मागेपुढे करता येतील अशी सँडल मात्र दाखवता आली असती. ती आमच्याकडे खालच्या फळीवरच होती.

आता चप्पल घ्यायला येणाऱ्यांनी काय करावं. शक्यतो संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. बूट घ्यायचे तर मोजे आणा, दुकानात ठेवलेला मोजा आतापर्यंत किती पायांत गेलाय ते आम्हाला माहीत आहे. दोन्ही पायांत घाला, उभे राहा, दहा पावलं चाला. बसल्या बसल्या "छान आहे" म्हणू नका. पावसात येताना पाय चिखलाने भरलेले असणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडे दाराशी फडकं असतं. ते वापरा म्हणजे झालं. लहान मुलाला घेऊन येत असाल तर त्याचं पोट भरून आणा, बाकी मी बघते.

आणि सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगून टाका: कशासाठी हवी, कितीपर्यंत, आणि कुठला रंग अजिबात नको. एवढं कळलं की मी सहाव्या जोडापर्यंत जातच नाही, तिसऱ्यालाच काम होतं. किंमत सांगायला लोक उगाच लाजतात. "पाचशेच्या वर नको" हे वाक्य मला दिवसातून तीसदा ऐकायला आवडेल.

किती जोड काढायला लावले तर उद्धटपणा ठरतो? आकडा नाही. आठ काढून काही न घेता गेलेल्या बाईचा मला राग नाही, ती सात वेळा "तुम्हाला त्रास देतेय हं" म्हणाली होती. राग येतो तो चाळीस मिनिटं माझ्याकडून माप घेऊन, शेवटी खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढून, "ऑनलाइन बघते" म्हणणाऱ्यांचा. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. पण मंगळवारी सकाळी या आणि स्पष्ट सांगा की आज फक्त नंबर बघायचाय. मी माप काढून देते, शपथ. मात्र सव्वानऊच्या आत नको. आमचा शेट भवानीला, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीला, मानतो, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दुपारपर्यंत त्याचं तोंड वाकडं आणि ते आम्हाला बघावं लागतं.

किंमत

खोक्यावर छापील किंमत असते, एमआरपी, आणि तीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यावर "जीएसटी वेगळा" हे चालत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वजनमापाच्या कायद्याखाली गुन्हा आहे. कमी घेणं ही सर्वस्वी दुकानदाराची मर्जी. म्हणून "कमी का नाही करत?" असं दटावून विचारू नका. "काही कमी होण्यासारखं आहे का?" असं एकदा विचारा, हवं तर दुसऱ्यांदा. उत्तर नाही आलं तर ते नाहीच असतं.

की नसतं? इथे दुकानमालकांशी दोन शब्द. मी गिऱ्हाइकाला "कमी होत नाही" सांगते, ते गल्ल्यावर जातं, आणि शेट दानशूरासारखे पन्नास रुपये सोडतो. गिऱ्हाईक मागे वळून माझ्याकडे बघतं. त्या नजरेत असतं, की ही बाई खोटं बोलत होती. पुढच्या वेळी ते मला विचारतच नाही, आणि माझ्याशी नीट बोलतही नाही. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी मी शेटला म्हटलं, सूट द्यायची तर माझ्या तोंडून द्या. आता १० टक्क्यांपर्यंत मी सोडू शकते आणि त्यापुढे शेटही सोडत नाही. भाचीच्या मालकाने हे वाचावं अशी फार इच्छा आहे. गिऱ्हाइकासमोर मुलीला झापून त्याने दोन गोष्टी केल्या: चुटकी वाजवणाऱ्या बाईला चुटकी बरोबर होती असं सांगितलं, आणि दुकानातल्या बाकीच्यांना शिकवलं की काही झालं तर आपण एकटेच आहोत. कामगाराला बोलायचं ते शटर अर्धं खाली आल्यावर. गिऱ्हाइकासमोर फक्त "मी बघतो" म्हणायचं आणि स्वतः पुढे व्हायचं.

पिशवीचं थोडक्यात. माल निवडून झाल्यावर, गल्ल्यापाशी आल्यावर अचानक पिशवीचे पैसे मागणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटलं आहे. पैसे घ्यायचेत तर दारावरच पाटी लावा. मोबाइल नंबरचंही तेच: नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये कळवलं आहे. नको असेल तर "नंबर देत नाही मी" एवढं शांतपणे म्हणा. गल्ल्यावरच्या मुलीशी वाद घालू नका, ती संगणकातला रकाना तिने बनवलेला नाही.

परत आलेली चप्पल

हा भाग मोठा होणार, कारण खरी आग इथे लागते.

दर जून-जुलैत निदान पाच जण एकच तक्रार घेऊन येतात. लग्नासाठी किंवा चर्चच्या फेस्तासाठी चांगले बूट घेतले, एकदोनदा घातले, खोक्यात जपून ठेवले. दोन-तीन वर्षांनी काढले आणि पहिल्याच पावलाला तळ ओल्या केकसारखा तुटून पडला. "तुम्ही डुप्लिकेट माल दिला!" माल डुप्लिकेट नसतो. तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. हलका, मऊ, चालायला छान, पण हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू आतून मोडत जातो, वापरला नाही तरीही. आणि गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटाइतकी दमट जागा दुसरी कुठली? रेक्झिनचे पापुद्रे सुटतात त्याचंही बरंचसं हेच कारण.

हे मला माहीत होतं तरी कित्येक वर्षं मी विकताना सांगत नव्हते. सांगितलं तर घेणार नाहीत असं वाटायचं. आता बिल करतानाच सांगते: "हा कपाटात जपून ठेवण्यासारखा माल नाही. वापरा. कधीतरीच घालणार असाल तर रबराच्या तळाचा किंवा शिवलेल्या चामड्याचा दाखवते." काही जण दुसरा घेतात, काही तोच घेतात, पण दोन वर्षांनी कोणी अंगावर धावून येत नाही.

तक्रार घेऊन आलेल्या माणसापुढे काय करायचं? चप्पल हातात घ्या. दोन्ही हातांत. उलटी करा, शिवण बघा, पट्टा ओढून बघा, आणि पूर्ण अर्धा मिनिट काही बोलू नका. माणूस घरून निघाल्यापासून भांडणाची तयारी करत आलेला असतो. त्याची वस्तू कोणीतरी नीट बघतंय हे दिसलं की निम्मा जोर तिथेच उतरतो. मग काय करता येईल ते आधी सांगा, काय करता येणार नाही ते नंतर. "तुम्हीच नीट वापरली नसेल" हे वाक्य खरं असलं तरी गिळा.

कायदा दोघांनीही जाणून घ्यावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं त्याखाली अनुचित ठरतं. बिल न देणंही. त्यामुळे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लावता येत नाही. पण गिऱ्हाइकांनो, सदोष म्हणजे सदोष. सोल सुटला, शिवण उसवली, हे दोष. "ह्यांना रंग आवडला नाही" हा दोष नव्हे. तिथे बदलून देणं हा दुकानाचा चांगुलपणा, आणि तो किती दिवस चालतो ते घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्यावं. आमच्याकडे सात दिवस, रस्त्यावर न घातलेली. तळ पुसून आणली तरी आम्हाला कळतं, खाचेत माती राहते.

आता माझी फजिती. गेल्या वर्षी एका दुकानातून मिक्सर घेतला. दुसऱ्याच दिवशी चटणीचं भांडं खालून गळायला लागलं. मी शनिवारी संध्याकाळी, कामावरून सुटून, तशीच तणतणत गेले. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "कंपनीला फोन करा." झालं. २२ वर्षं काउंटरच्या आत उभी असलेली मी, त्या मुलाला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तोही बोलला. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की बिल पर्सच्या बाहेर काढलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराला पुन्हा गेले. यावेळी त्या मुलाला एवढंच विचारलं, "भांडं बदलायचं हे ठरवतं कोण?" तो म्हणाला, शेट, आत आहेत. आत गेले. तारीख सांगितली, काय झालं ते सांगितलं, काय हवं ते सांगितलं: दुसरं भांडं. पैसे नकोत, मिक्सर बदलून नको, भांडं. चार मिनिटांत मिळालं. जाताना मुलाला म्हटलं, "बाबा, शनिवारी मी जास्त बोलले." तो म्हणाला, "मीही." यावेळी मोबाइल खिशात होता.

त्यातून शिकलेलं असं की समोरच्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याच्याशी भांडू नये. आधी ठरवणारा माणूस शोधावा. गर्दीचा वार टाळावा, बिल आणि वस्तू दोन्ही न्यावी. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर करता येते. वकील लागतोच असं नाही. मात्र कोणी नुसतं तोंड वाकडं केलं म्हणून तिथपर्यंत जाऊ नका. त्यासाठी शेटला शांतपणे, त्या मुलीला ऐकू जाणार नाही अशा जागी सांगा.

सुटे आणि मोबाइल

"सुटे नात" (सुटे नाहीत) हे गोव्यात नमस्कारासारखं म्हणतात. दुकानात सुटे ठेवणं हे दुकानाचं काम, चॉकलेट हातावर ठेवणं म्हणजे सुटे देणं नव्हे. दहाचं कुठल्याही छापाचं नाणं चालतं, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच चौदाच्या चौदा नमुने वैध असल्याचं स्पष्ट केलं आहे. गिऱ्हाइकांनी मात्र सकाळी नऊला नव्वद रुपयांच्या स्लीपरला पाचशेची नोट काढू नये.

मोबाइलवरून पैसे गेले आणि गल्ल्यावरचा, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बोलला नाही, तर "मी दाखवतोय ना स्क्रीनवर!" म्हणून फोन मुलीच्या नाकापुढे नाचवू नका. तिला तो डबा बोलल्याशिवाय माल सोडायची परवानगी नसते, सोडला तर तिच्या पगारातून जातो. खात्यातून कापलेले पण दुकानाला न पोहोचलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. तोपर्यंत रोख द्या, किंवा माल नावाने बाजूला ठेवायला सांगा. आम्ही ठेवतो.

दीड वाजता

पर्यटकांचा सगळ्यात लाडका शब्द "सुशेगाद", म्हणजे निवांत. दुपारी दीडला शटर खाली येताना दिसलं की बाहेरून हसत म्हणतात, काय बाई आळशी लोक, धंदा करायचाच नाही यांना. साडेचार तास उभं राहून झाल्यावर शितकडी (भात-कालवण) जेवायला जाणाऱ्या माणसाला हा शब्द कसा लागतो, ते एकदा उभं राहून बघा.

बंद व्हायच्या वेळेला गिऱ्हाईक आलं तर लाइट घालवत सुटू नये, त्याच्या पायांभोवती केर काढू नये. आम्ही दोन्ही केलं आहे. सरळ सांगावं: "आठला बंद करतो. दहा मिनिटांत दोन जोड दाखवते, नाहीतर तुमचा नंबर काढून ठेवते, उद्या या." दहातले सात जण उद्या येतो म्हणतात, त्यातले चार येतात. हा हिशोब माझा, शेटचा नव्हे.

आणि ते स्टूल. संध्याकाळी सहानंतर दुकानातली मुलगी तुटक बोलते ते तुमच्यावर राग असतो म्हणून नाही, टाचा भरून आलेल्या असतात म्हणून. चपला विकणाऱ्यांच्या टाचा! केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात बदल करून दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं. आमच्याकडे एकदा मी रिकाम्या दुकानात स्टुलावर बसले होते, तर आत आलेल्या बाईंनी शेटला सांगितलं, "तुमच्याकडच्या बसूनच असतात हो." शेटने त्यांना काही सांगितलं नाही. पण मी त्याला पेपरातलं केरळचं कात्रण दाखवलं, दोन-तीनदा दाखवलं, आणि गेल्या चतुर्थीच्या आधी दुसरं स्टूल आलं.

गिऱ्हाइकं त्याच्यावर बाजाराच्या पिशव्या ठेवतात. परवा शुक्रवारी तर केळीचा अख्खा घड होता. "ताई, हे जरा खाली ठेवू का?" असं विचारते मी. हळू आवाजात.